उरलेले दोन हॉर्सपॉवर

कारंजा (लाड), जि. अकोला
२८ ऑक्टोबर १९७४

चि. देवमन यास,
ताईचे अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

तुझं पत्र नाही म्हणून माय मंगरूळच्या बाजाराला येणाऱ्या प्रत्येकाजवळ निरोप देते की पोराले पुण्याची हवा लागली काय, त्याले इचारा. आता तूच उत्तर दे, मी किती सारवासारव करू? तुझ्यासाठी अंबाडीचं सरबत करून ठेवलं होतं, ते शेवटी तुझ्या भाऊजींनी संपवलं.

पत्राला कारण भाऊजींच्या कामाचंच आहे. फुलचंद शेठजींच्या सरकीच्या तेलगिरणीतला बॉयलर तू लहानपणी पाहिला होतास. त्यात पाणी घालणारा वाफेवरचा जुना पंप पार झिजला. शेठजींना विजेवरचा घ्यायचा आहे. भाऊजी गावभर सांगत फिरतात ना की माझा साळा पुण्याच्या पंप कंपनीत इंजिनेर आहे, तर शेठजी त्यांना म्हणाले की मग त्यालाच विचार, किती ताकदीची मोटर लागेल. हे ऐकून घरी आले तेव्हा चप्पल न काढता चुलीपर्यंत चालत आले. शेठजींनी आपल्या वस्तीतल्या माणसाचा सल्ला मागावा, हे त्यांच्या हयातीत पहिल्यांदाच घडलं.

बॉयलरची सगळी माहिती त्यांनी वेगळ्या चिठोऱ्यावर लिहिली आहे, ती सोबत आहे. लवकर कळव. हंगाम तोंडावर आहे. आणि पोरगी पाहायला कधी येतोस तेही कळव, की पुण्यातच पाहिलीस?

घरच्यांचा विसर पडू देऊ नकोस.
तुझी ताई,
विमल

पुणे
६ नोव्हेंबर १९७४

ती. ताईस व भाऊजींस,
देवमनचा सविनय जयभीम. वि. वि.

मुलगी पुण्यात पाहिलेली नाही. इथे मला पंपांशिवाय कोणी विचारत नाही, त्यामुळे मायला म्हणावं निर्धास्त राहा.

भाऊजींनी दिलेली माहिती आमच्या गिऱ्हाइकांपेक्षा नेटकी आहे, म्हणून हिशेब करायला मजा आली. ताई, तुलाही समजावून सांगतो, कंटाळू नकोस. पंपाला किती ताकद लागणार हे तीन गोष्टींवर ठरतं. तासाला पाणी किती, ते किती जोराविरुद्ध ढकलायचं, आणि पंप स्वतः किती ताकद वाया घालवतो. तुमच्या बॉयलरमधून तासाला दोन हजार लिटर पाण्याची वाफ होते, म्हणून पंप तीन हजारांचा धरला. आतल्या वाफेचा दाब सात किलो, म्हणजे पाणी सत्तर मीटर उंच चढवण्यासारखंच. नळातली घासाघीस आणि थोडी राखीव धरून पंच्याऐंशी मीटर. असले लहान पंप निम्म्याहून जास्त ताकद वाया घालवतात. एवढं सगळं मांडलं की पावणेतीन हॉर्सपॉवरच्या आत येतं.

मग तीनची मोटर पुरे, असं कोणालाही वाटेल. पण खोच इथेच आहे. सकाळी बॉयलर थंड असतो, किंवा दिवसा एकदम जास्त वाफ ओढली की दाब उतरतो. तेव्हा पंपाला समोरून अडवणारं कोणी राहत नाही आणि तो भसाभस पाणी फेकायला लागतो. जितकं पाणी जास्त, तितकं मोटरवर ओझं जास्त. लोकांना वाटतं विरोध झाला की मोटर दमते. या पंपाची गंमत अशी की विरोध नसला की ती दमते. तेव्हा सव्वाचारपर्यंत ताकद लागेल. म्हणून मोटर पाच हॉर्सपॉवरचीच घ्यावी. शेठजींना तसं सांगा.

भाऊजींनी बॉयलर चालवायच्या परवान्याची परीक्षा दिली तेव्हा मी शाळेत होतो. आज त्यांच्या बॉयलरचा हिशेब माझ्याकडे आला, याचा आनंद किती म्हणून सांगू. मायला नमस्कार.

तुमचाच,
देवमन

कारंजा
१७ नोव्हेंबर १९७४

चि. देवमन यास,
आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

तुझं पत्र भाऊजींनी शेठजींना वाचून दाखवलं आणि पाचाचं नाव काढताच सगळं बिनसलं. गिरणीला विजेची जेवढी मंजुरी आहे तिच्यात पाचाची मोटर बसत नाही. वाढीव मंजुरी येईपर्यंत सरकीचा हंगाम निघून जाईल. त्यात अमरावतीचा कोणी पंपवाला येऊन तीनमध्ये भागवतो असं सांगून गेला. मुनीम सगळ्यांसमोर हसला आणि म्हणाला की जगदेवच्या साळ्याचं शिक्षण दोन हॉर्सपॉवर जास्तच झालं आहे.

भाऊजी घरी आले. माझ्या हातची भाकर त्यांनी अर्धी ठेवली. मी विचारलं तर एवढंच म्हणाले की पोरगा खरंच सांगत असन, पण आपलं खरं कोन ऐकते.

देवमन, मला तुझ्या आकड्यांतलं कळत नाही. पण तूच लिहिलंस ना की हिशेबानं तीनच्या आत येतं? मग तीनमध्ये बसव ना काहीतरी करून. चालवणारे तर तुझे भाऊजीच आहेत, परके नाहीत. त्यांचा शब्द खाली पडू देऊ नकोस. मोठ्या बहिणीनं कधी काही मागितलं नाही तुझ्याजवळ.

उत्तराची वाट पाहते.
तुझी ताई,
विमल

पुणे
२४ नोव्हेंबर १९७४

ती. भाऊजींस,
देवमनचा सविनय जयभीम. वि. वि.

ताईचं पत्र वाचून चैन पडेना. पुन्हा बसलो आणि मार्ग काढला. तीनची मोटर चालेल. कंपनीचे कागद शेठजींच्या नावे निघाले आहेत. आमचे साहेब दौऱ्यावर असल्यामुळे त्यांवर सही माझीच आहे.

मात्र एक गोष्ट तुम्ही सांभाळायची. पंपाच्या पुढच्या नळावर जो व्हॉल्व्ह आहे, तो दाब उतरला की चाक फिरवून आवळायचा, म्हणजे पाणी मर्यादेत राहील आणि मोटरवर ओझं येणार नाही. दाब चढला की पुन्हा सैल करायचा. थंड बॉयलर भरताना तर जवळजवळ बंदच ठेवायचा. चुकून ओझं वाढलंच तर स्टार्टरमधला रिले सुटून मोटर आपोआप बंद होईल, जळणार नाही.

ही अट कंपनीच्या कागदात लिहिलेली नाही. लिहिली असती तर शेठजी म्हणाले असते की मग तीनची कशी पुरली? दुसऱ्या कोणाला असं सांगायचं धाडस मी केलं नसतं. तुम्ही घरचे, म्हणून कळवतो. मुनिमाला आता हसू द्या.

ताईला म्हणावं, झालं तुझ्या मनासारखं.

तुमचा आज्ञाधारक,
देवमन

कारंजा
१९ जानेवारी १९७५

चि. देवमन यास,
अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

तुझा पंप छान चालला आहे. पहिल्या दिवशी तेवढा दोनदा बंद पडला. मुनीम लगेच म्हणाला की वस्तीचा इंजिनेर झोपला वाटते. त्या दिवसापासून तो कोणाच्या देखत बंद पडलेला नाही, असं भाऊजी छाती काढून सांगतात. शेठजीही खूश आहेत. परवा मंगरूळचे कोणी कापसाचे जिनवाले पाहायला आले, तेव्हा त्यांनी तुझं नाव घेऊन सांगितलं.

मला मात्र तुझ्या पंपानं सवत आणली. भाऊजी दुपारी जेवायला घरी येत नाहीत. मी डबा घेऊन गिरणीत जाते, तर एक हात त्या चाकावर आणि एका हातानं भाकर. सरकी शिजवायची भांडी उघडली की दाब पडतो, लगेच चाक आवळायचं. भांडी बंद झाली की सैल करायचं. दिवसभर तेच. भाजीत मीठ आहे की नाही हे विचारलं तर दाबाच्या काट्याकडे बघूनच मान हलवतात. मी म्हटलं की एवढं काय आहे त्या चाकात, तर म्हणतात, देवमनची अमानत हाय, तुले नाई समजनार.

उजव्या खांद्याला कळ लागते म्हणून मी तेल चोळून देते. तुला कळवू नको म्हणाले होते. पण मी तीनची मोटर मागितली, तेव्हापासून माझ्या मनात काहीतरी टोचतं. असंच असतं का रे हे काम, की आपल्यामुळे वाढलं?

खरं ते लिही.
तुझी ताई,
विमल

पुणे
२ फेब्रुवारी १९७५

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून उत्तर लिहायला घेतो आणि ठेवून देतो. मन लावून घेऊ नकोस. हंगाम संपला की वाढीव मंजुरीचा अर्ज शेठजींकडून करून घेऊ आणि पाचाची मोटर बसवू. तोवर भाऊजींनी मधूनमधून खांदा शेकावा.

माझी नोकरी कायम होण्याचे कागद एप्रिलमध्ये वर जाणार आहेत. तेवढे दिवस मोटरीविषयी कोणाजवळ काही बोलू नका. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण लिहितो. असंच असतं का हे काम, असं तू विचारलंस. समोर असतीस तर तुझ्याकडे न बघता काहीतरी बोललो असतो.

मायची तब्येत कळव.
तुझा भाऊ,
देवमन

कारंजा
९ मार्च १९७५

चि. देवमन यास,
आशीर्वाद. वि. वि.

वाईट बातमी आहे, बसून वाच. जिवाला धोका नाही, हे आधी सांगते.

मंगळवारी दुपारी सरकीचा पट्टा अडकला आणि शेठजींनी भाऊजींना तिकडे बोलावलं. नाही कसं म्हणणार? पण व्हॉल्व्ह सोडून गेलं तर मोटर बंद पडणार आणि सगळे बघणार. म्हणून जाताना त्यांनी स्टार्टरच्या रिलेमध्ये बांबूची कमटी खुपसून ठेवली, की तो सुटू नये. आत्ता जातो अन् आत्ता येतो, असं मनात म्हणून गेले. पट्ट्याला उशीर लागला. तिकडे दाब पडला, मोटरवर ओझं आलं, रिले सुटेना, आणि मोटर जळून गेली. परत आले तर खोलीभर धूर आणि बॉयलरच्या काचेत पाणीच दिसत नव्हतं.

आता बॉयलर फुटतो म्हणून बाकीचे पळाले. हे भट्टीचं दार उघडून धगधगता कोळसा बाहेर ओढत बसले. कोळसा ओढायची रेटणी अडकली तेव्हा हातानंच दार धरून ठेवलं. भट्टी रिकामी झाली म्हणून बॉयलर वाचला आणि गिरणी वाचली. उजवा पंजा मनगटापर्यंत भाजला. सरकारी दवाखान्यात मलमपट्टी चालू आहे. बोटं वळलेली राहतील, असं डॉक्टर म्हणाले.

शेठजींनी विचारलं तर यांनी सांगून टाकलं की कमटी मी घातली, मशीनमंदी खोट नाई, माझी गफलत झाली. व्हॉल्व्हचं, तुझ्या पत्राचं, कशाचंच नाव काढलं नाही. शेठजींनी कामावरून काढलं. आता परवाना रद्द करा म्हणून नागपूरच्या बॉयलर ऑफिसला लिहिणार आहेत. तो परवाना आमच्या घरात तसबिरीच्या शेजारी फ्रेममध्ये आहे, तुला माहीत आहे. तो गेला तर दुसऱ्या कोणत्याही बॉयलरवर यांना उभं करणार नाहीत.

मी शेठजींकडे जाऊन खरं सांगते म्हटलं, तर माझ्यावर पहिल्यांदा ओरडले. पोराची नोकरी कच्ची हाय, खबरदार, असं म्हणाले. देवमन, तीनची मोटर मी मागितली. हे मी कोणाला सांगू?

ताई

पुणे
१४ मार्च १९७५

ती. ताईस,
जयभीम. वि. वि.

तू काही मागितलं नाहीस. तू भावाला विचारलंस, आणि भावाला उत्तर माहीत होतं. पाच लागतात हे मी स्वतःच्या हातानं तुला लिहिलं होतं. नंतर तीनची मोटर दिली आणि उरलेले दोन हॉर्सपॉवर भाऊजींच्या हातावर टाकले. हिशेबात कुठे तरी ते भरून काढावे लागतातच. दुसऱ्या गिऱ्हाइकाला मी असं फसवलं नसतं. घरच्या माणसाला फसवलं, कारण तो सांभाळून घेईल याची खात्री होती.

मी शेठजींना सविस्तर पत्र टाकलं आहे, की मोटर चुकीची होती, चूक माझी, आणि जगदेव यांनी नसतं सांभाळलं तर ती पहिल्याच आठवड्यात बंद पडली असती. इथल्या साहेबांनाही आज सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले की कागदावर लिहायची गोष्ट कागदावर लिहायची असते.

जेवण जात नाही. भाऊजींची पट्टी कोण बदलतं?

देवमन

कारंजा
२३ मार्च

देवमनभाऊ,
जयभीम.

डाव्या हातानं लिवून राह्यलो, अक्षराले हसू नको.

तू शेटले कायले लिवलं? शेटनं मले बोलावून तुयं पत्र दाखवलं. म्हने, तुया साळा दिलदार हाय, तुले वाचवासाठी सोताच्या अंगावर घेऊन राह्यला, पन मी काही लहान पोरगा नाई. कमटी तू घातली हे तूच कबूल केलं. मी मान हालवली. आता तू कितीबी लिव, कोनी मानत नाई. तुयं नाव बी खराब होते अन् माया परवाना बी वाचत नाई. मंग फायदा काय?

कमटी मीच घातली, हे खोटं नाई. तुया पंप मी आपल्या खुशीनं सांभाळला. लोकं येऊन पाहत, शेट तुयं नाव घेत, तवा मले गोड वाटे. त्याची मजुरी मले भेटली.

आता गप राह्य. इमल रडते, तिले चांगलं पत्र लिव.

जगदेव

पुणे
१७ एप्रिल १९७५

ती. ताईस,
देवमनचा साष्टांग जयभीम. वि. वि.

परवा गिरणीतून थेट स्टेशनावर छोटी आगगाडी पकडायला गेलो, घरी चहाला थांबलो नाही, म्हणून तू रागावली असशील. रजा तेवढीच होती, हे खरं. तुझ्यासमोर उभं राहवलं नसतं, हेही खरं. भाऊजी आत काय झालं ते सांगणार नाहीत, म्हणून मी लिहितो.

पत्रावर शेठजींचा विश्वास बसत नाही तर यंत्रावर बसेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. जळलेली मोटर आतली तार बदलून पुन्हा बसवली होती. मी शेठजींना विनंती केली की बॉयलर थंड असताना, कमटीशिवाय, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून, माझ्या देखत पंप एकदा सुरू करा. मोटर नीट चालली तर दोष जगदेवचा. आपोआप बंद पडली तर दोष माझा. साहेबांनी मला विजेचा प्रवाह मोजायचा काटा दिला होता, तो जोडला. शेठजी आणि मुनीम शेजारी उभे होते. भाऊजींना मी मुद्दाम लांब, कोळशाच्या ढिगाजवळ उभं केलं.

मोटर सुरू केली. काटा चढत गेला, लाल रेघ ओलांडली, आवाज जड झाला. मी त्याच आवाजाची वाट पाहत होतो. आणि तेवढ्यात भाऊजी कधी जवळ आले मला कळलंच नाही. आवाज ऐकला आणि पाय आपोआप चालत आले असावेत. त्यांनी तो पट्टी बांधलेला उजवा हात पुढे केला आणि चाक आवळायला लागले. ताई, मोटर बंद पडली तरच ते सुटणार होते. हे त्यांना मी गिरणीच्या दारात समजावून सांगितलं होतं आणि ते हो म्हणाले होते. तरीही सगळ्यांच्या देखत माझी मोटर बंद पडू नये म्हणून तो हात पुढे आला.

मी तो धरला. जोर लावून धरावा लागला, कारण ते सोडवून घेऊ पाहत होते. बोटं सरळ होत नाहीत, आत वळलेली आहेत, चाक धरल्यासारखी. ती माझ्या पंजात होती आणि रिले खट्टकन सुटला. मोटर घरघरत थांबली.

मग शेठजींनी मला विचारलं की असं आहे तर तीन महिने हे चाललं कसं. माझ्या हातात भाऊजींचा हात होताच. तो मी त्यांना दाखवला. मुनीम बाहेर निघून गेला. शेठजी म्हणाले की नागपूरचा कागद मी परत बोलावतो, जगदेवनं पुढच्या हंगामाला यावं, तोवर पाचाच्या मंजुरीचं बघतो. भाऊजी त्यांना म्हणाले की पोरगा लहान हाय मालक, त्याच्या सायबाले काही लिवू नका. मला तिथे जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

साहेबांना कोणी लिहायची गरजच नव्हती. माझे कायम होण्याचे कागद वर्षभर मागे ठेवले आहेत. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, मला उलट श्वास घेता आला. पण परवाना वाचला, काम परत मिळालं, असं म्हणून तू हे प्रकरण मिटवू नकोस आणि मलाही मिटवू देऊ नकोस. बोटं वळलेलीच राहणार आहेत. डाव्या हातानं लिहिलेलं त्यांचं पत्र मी जपून ठेवलं आहे.

पत्राच्या शेवटी लोभ असावा म्हणून मागायची रीत आहे. आज मागायला धजत नाही. त्यांनी तो हात माझ्याकडून सोडवून घेण्यासाठी किती जोर लावला, हे मला अजून मनगटात जाणवतं.

पट्टी बदलताना हळू बदल.

तुझा,
देवमन